शेवाळ म्हणून खरवडलेले जीव

बाळापूरच्या किल्ल्याच्या एका अंगाला मन नदी, दुसऱ्या अंगाला म्हैस. पावसाळ्यात दोन्ही चढल्या की टेकाडावरचा हा किल्ला जवळजवळ पाण्याने वेढला जातो. एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये त्याचे बांधकाम पुरे केले. लोक येतात ते त्याचे उंच विटकामाचे बुरूज पाहायला आणि नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहायला. पात्रातल्या दगडांकडे पाहायला मुद्दाम कोणी येत नाही. दिवाळी अंकासाठी ‘पाणी’ हा विषय ठरला, की वऱ्हाडातले लिखाण साहजिकच धरणांचा टक्का, टँकर आणि खारपाणपट्टा यांकडे वळते. ते विषय मोठे आहेतच. पण पाण्याचा हिशेब लिटरमध्ये मांडताना त्या पाण्यात कोण राहते हा प्रश्न मागे पडतो, आणि जे पोहत नाहीत, उडत नाहीत, आवाज करत नाहीत, आयुष्यभर एकाच जागी चिकटून राहतात, त्यांची आठवण तर कोणालाच होत नाही.

हा लेख त्या चिकटून राहणाऱ्यांविषयी आहे.

दगडाची खालची बाजू

दिवाळी सरेपर्यंत पुराचा गढूळपणा खाली बसतो. डिसेंबरात किल्ल्याखाली उतरले तर डोहांतले पाणी निवळलेले असते आणि उथळ जागी दगड उघडे पडलेले असतात. कोणी ढोरे पाण्यावर आणतो, कोणी जाळे झटकत असतो. दगडांची वरची बाजू हिरवी आणि बुळबुळीत, ते शेवाळच. मात्र पाण्यात अर्धा बुडालेला दगड सावकाश उचलून उलटा केला आणि तसाच पाण्याने भरलेल्या परातीत ठेवला, की खालच्या बाजूची वस्ती दिसू लागते. तिथे ऊन पोहोचत नाही, गाळ साचत नाही, शेवाळाची दाटी नसते. चिकटून राहणाऱ्याला हीच जागा सोयीची.

अशा दगडाच्या पोटाशी, बुडालेल्या काटकीवर किंवा कमळाच्या पानाच्या पाठीवर कधी तपकिरी दोऱ्याएवढी, फांद्या फुटत गेलेली नळी दिसते. पहिल्या नजरेत ती झाडाची मुळी वाटते. तिच्यावर दहापट मोठे दाखवणारे भिंग धरून परात अजिबात न हलवता काही मिनिटे थांबावे लागते. मग एकेका फांदीच्या टोकातून पारदर्शक काहीतरी बाहेर सरकते आणि उलगडते. नालाच्या आकारात मांडलेले, काचेसारखे स्वच्छ असे तीस-चाळीस संस्पर्शक, आणि प्रत्येकावर अतिसूक्ष्म केसांची सतत चाललेली हालचाल. त्या केसांमुळे पाण्याचा बारीक प्रवाह तयार होतो, त्यातून एकपेशीय शैवाल आणि जिवाणू मधल्या तोंडाकडे ओढले जातात. परातीच्या कडेला बोटाने हलकेच टिचकी मारली, तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे मुकुट एकदम आत. पुन्हा ते बाहेर येतात ते एकेक करून, चाचपडत.

हा प्लुमॅटेला. ब्रायोझोआ या प्राणिसंघातला गोड्या पाण्यातला जीव. या संघाच्या आज सुमारे ६,००० जाती जिवंत आहेत आणि जवळजवळ सगळ्या समुद्रात राहतात. फक्त गोड्या पाण्यात राहणारा त्यांचा एक वेगळा गट आहे, त्याच्या जाती शंभरही भरत नाहीत. एक प्राणी अगदी इवलासा असतो, पण तो एकटा कधीच राहत नाही. अंगाला कळी फुटते, कळीचा नवा प्राणी होतो, त्याला पुन्हा कळी. चाळीत खोल्या वेगळ्या आणि अंगण एक असावे तसे या गटात प्रत्येकाचे तोंड, पोट, संस्पर्शक वेगळे, पण शरीरातली पोकळी सगळ्यांची मिळून एक. एका टोकाच्या प्राण्याने खाल्लेल्याचा लाभ दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो.

नागपूरच्या तळ्यातून मुंबईच्या सूक्ष्मदर्शकाखाली

विदर्भातल्या माणसाने हा विषय परका मानायचे कारण नाही. या जीवांपैकी एका वंशाचे जगन्मान्य नाव विदर्भाशीच जोडलेले आहे.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. धर्मप्रसार आणि शाळा हे त्याचे काम, पण त्याची नजर जमिनीवर आणि पाण्यातही असे. नागपूर परिसरातल्या लाव्हाच्या थरांमध्ये सापडणारे जीवाश्म त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने गोळा केले, गोंडी भाषा आणि चालीरीती टिपल्या. त्याच्याच नावाचे हिस्लॉप महाविद्यालय नागपुरात १८८३ पासून उभे आहे. नागपूरच्या पाण्यात त्याला एक विलक्षण चिकटा जीव सापडला. पातळ, काचेसारखा थर, त्यात एकमेकांना लागून बसलेल्या चपट्या कोठड्या. त्याचा अभ्यास केला तो मुंबईत असलेल्या हेन्री जॉन कार्टर याने, आणि १८५८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना नाव दिले हिस्लोपिया लॅकस्ट्रिस, म्हणजे तळ्यात राहणारा हिस्लोपिया.

शास्त्रज्ञांना या जीवाचे नवल वाटले ते सोयरिकीमुळे. हिस्लोपियाचे जवळचे नातलग गोड्या पाण्यातल्या प्लुमॅटेलाचे गणगोत नव्हते, ते समुद्रातले होते. त्याचे संस्पर्शक नालाच्या आकारात नसून साध्या गोल कडीत असतात. कोठडीचे तोंड चौकोनी, आणि पुष्कळदा त्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर काटे. पोटाच्या आधी एक स्नायुमय गोल पिशवी असते, तिच्यात गिळलेले अन्न गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली आरपार दिसते. पाणवनस्पतींच्या पानांवर आणि गोगलगायींच्या शंखांवर तो पसरतो. शंखावर बसलेल्या वसाहतीला फुकट प्रवास घडतो, हा भाग वेगळा. पुढे हिस्लोपियाच्या जाती आशियात इतरत्रही नोंदल्या गेल्या आणि प्रत्येक नोंदीत नागपूरच्या त्या पाद्र्याचे नाव आले. स्वतः हिस्लॉप मात्र ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असताना पूर आलेल्या पाण्यात बुडून गेला. वय अवघे ४५.

कार्टरच्या मुंबईतली तळी

कार्टर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होता आणि १८६२ पर्यंत मुंबईत राहिला. त्या काळी मुंबईत बरीच तळी होती, आज त्यांतल्या कित्येकांवर रस्ते आणि मैदाने आहेत. त्या तळ्यांतल्या स्पंजांवर त्याने १८४८-४९ पासून लिहायला सुरुवात केली. स्पंज वनस्पती की प्राणी, यावर तेव्हा वाद होता. कार्टर जिवंत स्पंज बशीत वाढवून त्यांच्या पेशी अन्नकण कसे पकडतात हे पाहत असे. मुंबईच्या तळ्यांतून त्याने वर्णन केलेल्या जातींपैकी स्पाँजिला आल्बा आजही त्याच नावाने ओळखली जाते. गोड्या पाण्यातला एक मोठा, सर्वदूर पसरलेला स्पंज १८६३ मध्ये कार्टरच्या नावाने नोंदला गेला, त्याला आज युनापियस कार्टेराय म्हणतात.

समुद्रातला स्पंज बहुतेकांनी निदान चित्रात पाहिलेला असतो. नदीतही स्पंज असतो, हे ऐकून मात्र शिकलेली माणसेही चकित होतात. जगात गोड्या पाण्यातल्या स्पंजांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, भारतात तीसच्या आसपास. दगडावर, भिंतीच्या विटेवर, बुडालेल्या लाकडावर तो खरखरीत थर म्हणून वाढतो. रंग पांढुरका, राखाडी, तपकिरी. अंगात हिरवे शैवाल वस्तीला असले तर हिरवा. म्हणूनच त्याला शेवाळ समजून खरवडले जाते. दोघांतला फरक बोटाला कळतो. शेवाळ निसटते, स्पंज खरखरतो. ती खरखर सिलिकाच्या सुयांची, ज्यांना मराठीत कंटिका म्हणतात. केसाहून बारीक अशा या काचेच्या सुया एकमेकींना बांधून स्पंज आपला सांगाडा उभा करतो. ॲमेझॉन खोऱ्यातले मूळ रहिवासी कुंभार अशा स्पंजांच्या कंटिका मातीत मिसळून भांडी मजबूत करत. त्याच कंटिका डोळ्यात गेल्याने इजा झाल्याची प्रकरणे ब्राझीलमध्ये नोंदली गेली आहेत. स्पंज हाताळून डोळे चोळू नयेत, हे त्यावरून घ्यायचे.

सुयांसाठी लागणारे सिलिका पाण्यातून येते आणि पाण्यात ते खडकातून येते. वऱ्हाडाच्या काळ्या मातीखाली आहे बेसॉल्ट, आपला काळा पत्थर. तो झिजताना विरघळलेले सिलिका ओढ्या-नद्यांत उतरते. ज्या झिजेने कापसाची जमीन तयार केली, तीच झीज या स्पंजांना सांगाड्याचे साहित्य पुरवते.

महाराष्ट्रात या अभ्यासाचा धागा अधूनमधून पुन्हा उचलला गेला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या नेल्सन ॲनंडेल याने १९११ मध्ये भारतातल्या गोड्या पाण्यातले स्पंज, जलव्याल (हायड्रा) आणि ब्रायोझोआ यांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. हाच ॲनंडेल १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक झाला. इगतपुरीच्या तळ्यातल्या दगडांवरून त्याने वर्णिलेला एक स्पंज इतका कठीण आहे, की त्याच्या नावातच दगड आला आहे, कॉर्व्होस्पाँजिला लॅपिडोसा. अलीकडे पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातून श्रीराज जाखलेकर आणि हेमंत घाटे यांनी २०१३ मध्ये पुणे परिसरातल्या पाच गोड्या पाण्याच्या स्पंजांची नोंद छापली. पुण्यासारख्या गजबजलेल्या शहराच्या पाण्यात पाच जाती. हे काम फार मोठ्या यंत्रसामग्रीने झालेले नाही. नमुना, थोडे आम्ल, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढ्यावर स्पंज ओळखता येतो, कारण प्रत्येक जातीच्या कंटिकांची घडण वेगळी.

उन्हाळा काढण्याची रीत

वऱ्हाडातल्या पाण्याचे वर्ष सोपे नाही. जून ते सप्टेंबर लोंढा आणि गाळ, ऑक्टोबरपासून निवळणे, हिवाळाभर स्वच्छ पाणी, मार्चनंतर आटत जाणारे डोह, मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात आणि पात्रात झिरे खोदायची वेळ. पोहणारा मासा उरलेल्या डोहात सरकतो. बेडूक चिखलात शिरतो. दगडाला चिकटलेल्याने कुठे जावे?

तो जात नाही. मागे बीज ठेवून मरतो.

प्लुमॅटेलाच्या अंगात पाणी आटण्याआधी आणि इतर वेळीही तपकिरी, लंबगोल, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान चकत्या तयार होतात. त्यांना स्टॅटोब्लास्ट म्हणतात. चिवट कवचाच्या दोन वाट्या आणि आत अन्नाने भरलेल्या पेशी. काही चकत्यांच्या कडेला हवेने भरलेल्या कप्प्यांची झालर असते, त्या तरंगतात आणि वाऱ्याने काठाला लागतात. दुसऱ्या प्रकारच्या चकत्या दगडाला पक्क्या चिकटवलेल्या असतात. वसाहत कुजून गेली, दगड उन्हात तापला, तरी त्या जागेवरच राहतात आणि पाणी आले की तिथेच नवा प्राणी उघडतो. एक प्रकार दूर जाण्यासाठी, एक घर राखण्यासाठी. दोन्ही प्रकार एकाच वसाहतीत तयार होतात.

स्पंजाकडे यासाठी जेम्यूल असतात. मोहरीहूनही बारीक गोल गोळ्या, कवचात सुयांचा एक खास थर. वाळलेल्या तळ्याच्या काठी दगडावर पिवळसर पापुद्रा दिसला आणि त्यात असे दाणे असले, तर तो मेलेला स्पंज नव्हे, थांबलेला स्पंज. कार्टरने १८५९ मध्येच स्पंजाच्या या दाण्यांची आणि ब्रायोझोआच्या चकत्यांची रचना शेजारी ठेवून त्यांतले साम्य मांडले होते. एकमेकांशी दूरचेही नाते नसलेल्या दोन प्राण्यांनी एकाच अडचणीवर सारखाच तोडगा काढला, हे ओळखायला मुंबईच्या तळ्यांसारखी वर्षातून एकदा आटणारी जागाच हवी होती.

युरोपच्या पाठ्यपुस्तकांत हे दाणे थंडी काढण्यासाठी असतात असे लिहिलेले असते. तिथे तळी गोठतात. आपल्याकडे गणित उलटे आहे. ॲनंडेलने बंगालमधल्या तळ्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून नोंदले, की तिथल्या कित्येक स्पंजांचा आणि जलव्यालाचा बहराचा काळ हिवाळा, आणि ऊन चढू लागले की दाणे धरून बसण्याचा काळ. आपल्या महाविद्यालयांत आजही परदेशी पुस्तकातली थंडीची गोष्ट शिकवली जाते, हे बदलले पाहिजे. इथल्या विद्यार्थ्याला हिवाळ्यात नदीवर नेले तर पुस्तकाआधी नमुना हाती लागेल.

या दाण्यांना आणखी एक वाहन मिळते, ते पाणपक्ष्यांचे. स्टॅटोब्लास्ट बदकाच्या पोटातून जाऊनही उगवतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. हिवाळ्यात अकोल्याजवळच्या कापशी तलावावर किंवा काटेपूर्णेच्या जलाशयावर उतरणारी परदेशी बदके पाहायला पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन जातात. त्या बदकांच्या पायांच्या चिखलात आणि आतड्यांत एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर काय जाऊ शकते, याचाही त्या वेळी विचार करायला हरकत नाही.

खारे खाली, गोडे वर

बाळापूर तालुक्याचा काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त आहे. विहीर खणली तरी पाणी प्यायला नाही आणि वावरात दिले तर जमीन चोपण होते. म्हणून या पट्ट्यात पावसाचे वरचे पाणी अडवून ठेवण्याला पर्याय नाही. गावतळी, नाल्यांवरचे बंधारे आणि २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतली तळी, हे सगळे त्यासाठीच.

चिकटून राहणाऱ्या जीवांसाठी ही परिस्थिती बारकाईने पाहण्यासारखी आहे. गोड्या पाण्यातले ब्रायोझोआ सहसा क्षार सहन करत नाहीत, पण सगळ्यांची मर्यादा सारखी नाही. कार्टरने मुंबईतून वर्णिलेल्या स्पाँजिला आल्बाचा एक प्रकार ॲनंडेलला बंगालमध्ये पोर्ट कॅनिंगच्या मचूळ तळ्यांत सापडला होता. एका ठिकाणी गोड्या पाण्यातला गणला जाणारा जीव दुसरीकडे मचूळ पाण्यातही संसार थाटतो. खारपाणपट्ट्यात थोड्या अंतरात गोडे तळे, मचूळ डबके आणि खारी विहीर एकमेकांच्या शेजारी असतात. कोणता जीव कुठपर्यंत पोहोचतो याची पाहणी करायला याहून चांगली नैसर्गिक मांडणी सहज मिळायची नाही.

पाण्याची प्रत मोजायला यंत्रे आहेत. पण यंत्र ज्या क्षणी बुडवले त्या क्षणाचे पाणी सांगते. एका जागी महिनोन्महिने बसलेली वसाहत त्या सगळ्या काळात पाणी कसे होते ते सांगते. ती वाढली, आकसली की मेली, यात फवारणीनंतर वाहून आलेले पाणीही येते आणि सांडपाण्याची रात्रीत सोडलेली लाटही.

नळात आणि चाळणीत

या जीवांचे आणि माणसाचे भांडणही आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

नळी म्हणजे अंधारी, गाळ कमी असलेली आणि सतत अन्न घेऊन येणाऱ्या प्रवाहाची जागा. दगडाच्या खालच्या बाजूला जे मिळते ते सगळे इथे मिळते. एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्ग शहराला एल्ब नदीचे न गाळलेले पाणी नळाने पुरवले जाई. १८८० च्या दशकात कार्ल क्रेपेलिन या प्राणिशास्त्रज्ञाने त्या नळांतली जीवसृष्टी तपासली, तेव्हा आत ब्रायोझोआ, स्पंज, शिंपले यांची दाट वस्ती निघाली. १८९२ मध्ये त्याच शहरात पटकीने हजारो माणसे दगावली, कारण पाणी गाळले जात नव्हते. नळातल्या या वस्तीने पटकी आणली नाही. गाळणीचा अभाव मात्र ती आधीपासून दाखवत होती.

वऱ्हाडात हे भांडण ठिबकच्या चाळणीपाशी होऊ शकते. तलावाचे किंवा नदीचे पाणी ठिबकला जोडले की चाळणी वारंवार तुंबते, आणि तुंबवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आपण शेवाळ म्हणतो. इस्राएल आणि स्पेनमध्ये ठिबकच्या यंत्रणा प्लुमॅटेलाच्या वसाहतींनी तुंबल्याच्या नोंदी आहेत. शेवाळ आणि ब्रायोझोआ यांतला फरक शेतकऱ्याच्या खिशाला कळतो. शेवाळाला उजेड लागतो, म्हणून काळ्या नळीच्या आत ते वाढत नाही. ब्रायोझोआला उजेडाची गरज नाही, तो नळीच्या आतही वाढतो. क्लोरीन दिल्यावर वसाहत मरते, पण कवचातले स्टॅटोब्लास्ट तग धरू शकतात आणि काही दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. चाळणीत अडकलेले बारीक तपकिरी दाणे एकदा भिंगाखाली धरले, तर औषध कशावर मारायचे आणि किती दिवसांनी पुन्हा मारायचे हे ठरवता येते. तालुक्यातल्या पारस औष्णिक केंद्रासारख्या, नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला हे ज्ञान उपयोगी आहे; जगभर वीज केंद्रांच्या यंत्रे थंड करणाऱ्या पाण्याच्या वाहिन्यांत या जीवांचा बंदोबस्त हे नेहमीचे काम आहे.

कोण कोणाला खाते

दुसरी बाजू याहून मोठी आहे. बोटाएवढा एक नदीतला स्पंज दिवसाकाठी १२५ लिटरहून अधिक पाणी अंगातून गाळून काढू शकतो, असे उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासात थॉमस फ्रॉस्ट यांनी मोजले. एका माणसाची रोजची अंघोळ, धुणे, स्वयंपाक भागेल एवढे ते पाणी. दगडामागून दगड, बंधाऱ्याची भिंत, बुडालेली झुडपे यांवर अशी वस्ती असली, तर पाण्यातले तरंगते शैवाल आणि जिवाणू सतत वेचले जातात आणि पाण्यातले अन्न तळाशी बांधले जाते.

बांधलेल्या अन्नावर पुढची पंगत बसते. ब्रायोझोआच्या नळ्यांच्या गुंत्यात डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या घरे करतात, गोगलगायी आणि मासे वसाहती खुडतात. सिसिरा नावाच्या नाजूक, जाळीदार पंखांच्या कीटकाची अळी तर फक्त गोड्या पाण्यातल्या अशा जीवांवर, मुख्यतः स्पंजावर जगते. सुईसारखे तोंड खुपसून पेशीतला रस शोषते. स्पंज नाही तर हा कीटक नाही.

सगळेच मात्र निमूट खाल्ले जात नाहीत. कार्टरला मुंबईत सापडलेला आणि १८६६ मध्ये हायट या अभ्यासकाने कार्टरच्या नावाने वर्णिलेला लोफोपोडेला कार्टेराय हा जेलीसारख्या इवल्या गोळ्यांत राहणारा ब्रायोझोआ. त्याच्या चकत्यांच्या दोन टोकांना आकडे असतात, ते पाणवनस्पतींत अडकतात. हा जीव पुढे अमेरिकेत पोहोचला आणि १९३० च्या दशकात ईरी सरोवरातून त्याची नोंद झाली. तिथल्या अभ्यासकांना दिसले, की त्याची वसाहत चिरडली गेली तर अंगातला द्रव माशांना विषारी ठरतो. मुंबईच्या तळ्यातला एक जीव आज दुसऱ्या खंडातल्या मत्स्यबीज केंद्रांना माहीत आहे आणि ज्या शहरात तो पहिल्यांदा सापडला तिथे त्याचे नाव घेणारे मोजकेच, याचे वाईट वाटते.

आघारकरांची नदी, पुण्याचा जलव्याल

जलव्याल, म्हणजे हायड्रा, हा या मंडळींतला शाळेत भेटलेला एकमेव सदस्य. पानाला पायाने चिकटलेली अर्धा-एक सेंटिमीटरची नळी, तोंडाभोवती विषारी पेशींचे संस्पर्शक, अंगाला फुटणारी पिल्ले. तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा नवा प्राणी. त्याच्याच नात्यातल्या एका जीवाची कथा महाराष्ट्रातली आहे. १९११ मध्ये, पुढे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झालेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या उपनद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. समुद्रातच असतो असे मानलेला प्राणी घाटातल्या नदीत! ॲनंडेलने त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. उन्हाळ्यात डोहांत पोहताना दिसतो तो त्याच्या आयुष्याचा एकच टप्पा. दुसऱ्या टप्प्यात असे जीव डोळ्यांना जेमतेम दिसणारे ठिपके होऊन तळाशी चिकटून असतात.

आघारकरांनी १९४६ मध्ये पुण्यात उभारलेल्या संस्थेला १९९२ पासून त्यांचेच नाव आहे. तिथे सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलव्यालावर दीर्घकाळ काम केले आणि २०११ मध्ये भारतातल्या नेहमीच्या जलव्यालाचे नेमके वर्णन व वंशावळ प्रसिद्ध केली. डबक्यातला प्राणी घेऊन पेशी पुन्हा कशा घडतात यासारख्या मूलभूत प्रश्नापर्यंत मराठी मातीत जाता येते, हे त्यातून दिसते.

मोर्णेचा धडा आणि एक विनंती

१३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्यात हजारो माणसे मोर्णा नदीत उतरली आणि जलपर्णी उपसू लागली. त्या कामाची देशभर वाखाणणी झाली आणि ती योग्यच होती. जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात उजेड आणि प्राणवायू दोन्ही घटतात. जलपर्णीच्या मुळांनाही ब्रायोझोआ चिकटतात, पण त्यासाठी जलपर्णी राखा असे कोणी म्हणणार नाही. म्हणणे एवढेच आहे, की नदी साफ झाली की नाही हे काठावरून डोळ्यांनी ठरवले जाते, आणि पात्र रुंद करताना, गाळ काढताना, काठाला सिमेंट लावताना दगडांचा थर सगळा उचलला जातो. रेतीच्या उपशातही तेच होते. चिकटायला जागाच उरली नाही, तर पाणी कितीही निर्मळ दिसले तरी ते गाळणारे कोणी नसते. खोलीकरणाच्या कामात काही अंतरावर मूळ दगडांचे पट्टे तसेच सोडावेत, ही अट घालायला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट शिकणाऱ्यांसाठी. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ आहे, तालुक्या-तालुक्यांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. काचेच्या चार पट्ट्या दोरीला बांधून बंधाऱ्याच्या सावलीत हातभर खोल सोडाव्यात. पंधरा दिवसांनी एक, महिन्याने दुसरी, अशा क्रमाने काढून पाण्यातच ठेवून भिंगाखाली पाहाव्यात. ठिकाण, तारीख, पाण्याचे तापमान आणि क्षारता लिहावी, फोटो काढावा, खरखरीत थर असेल तर थोडा तुकडा वाळवून नाव-तारखेच्या चिठ्ठीसह जपावा. ओळख पटवण्यासाठी पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. मन, म्हैस, मोर्णा, काटेपूर्णा आणि पूर्णा या पाच नद्यांवर एका हिवाळ्यात हे झाले, तरी वऱ्हाडाच्या पाण्यातल्या या जीवांची यादी हाती येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम आहे, आणि हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तो नुकताच सुरू झालेला असेल.